दमट हवेतला रंगीत केक: चिमुकल्यांच्या वाढदिवसाला या चुका टाळा

रत्नागिरी असो की मालवण, किनाऱ्यावर केकची सजावट बिघडवतं ते पाणी. हवेतला ओलावा, फ्रिजमधून काढल्यावर धरणारं दव, आंब्यातून सुटणारा रस. यूट्यूबवरच्या बऱ्याचशा कृती एसीच्या खोलीत केलेल्या असतात; त्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत.

क्रीम उभंच राहत नाही

गोठलेलं व्हिपिंग क्रीम ओट्यावर ठेवून वितळवलं की घोटाळा होतो: कडेचं गरम, मधे बर्फ. पुडा आदल्या रात्रीच फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा, १२ तास तरी लागतात. बर्फाचा कण उरला तरी क्रीम नीट फुगत नाही. भांडं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, फेटताना भांड्याखाली बर्फाचं पाणी घ्या आणि सुरुवात मंद वेगावर करा. ६ इंची, अर्ध्या किलोच्या केकला २५० ते ३०० मिली न फेटलेलं क्रीम पुरतं. फेटून ते जवळजवळ तिप्पट होतं, म्हणून भांडं मोठंच हवं. टोकं ताठ राहिली की थांबा. जास्त फेटून रवाळ झालं तर दोन-तीन चमचे न फेटलेलं थंड क्रीम घालून हातानेच हलवा, बहुतेक वेळा सावरतं.

मे महिन्यात बटर आयसिंगच्या नादी लागू नका. बाहेर ३३ अंश असताना लोण्याची फुलं तासभरही धड राहत नाहीत.

आणखी एक, खास आपल्याकडचं: ज्या फ्रिजमध्ये बांगडे ठेवलेत तिथे क्रीमचा केक उघडा ठेवू नका. क्रीम वास पटकन ओढून घेतं.

रंग फुटतात, ओघळतात

पातळ रंग क्रीम सैल करतो. जेल रंग घ्या, तोही टूथपिकच्या टोकाने. हवा त्यापेक्षा एक छटा फिका ठेवून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. रंग मागाहून चढतो. गडद लालसाठी इतका रंग ओतावा लागतो की क्रीम कडवट होतं आणि पोराची जीभ, झबलं, सोफा सगळंच रंगतं. गुलाबीवर भागवा. बीट किसून, पिळून, रस मंद आचेवर आटवून गार केला तर क्रीमला सुरेख गुलाबी येतो. कोकमाचं आगळ मात्र वापरू नका, ते खारट असतं. स्पंज पिवळा करायला हळद घातली आणि मिश्रणात सोडा जास्त झाला तर पिवळ्याऐवजी लालसर छटा येते.

जेम्सच्या गोळ्या आणि रंगीत स्प्रिंकल्स ओल्या क्रीमवर रंग सोडतात, त्यामुळे त्या केक कापायच्या दहा मिनिटं आधीच लावा. फाँडंटची, म्हणजे लाटून आकार देता येणाऱ्या साखरेच्या मऊ गोळ्याची, चित्रंही तेव्हाच. पावसाळ्यात ती वाळतच नाहीत: २५० ग्रॅम फाँडंटला एक छोटा चमचा सीएमसी पावडर (फाँडंट कडक वाळवणारी खाद्य भुकटी) मळा आणि पंख्याखाली दोन दिवस ठेवा, फ्रिजमध्ये नाही. पूर्ण केक फाँडंटने झाकलेला असेल तर पुठ्ठ्याच्या बंद खोक्यातच फ्रिजमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोकं लगेच उघडू नका. दव खोक्यावर धरू दे, केकवर नको.

हापूसचा रस थरात घालायचा असेल तर आटवून, पूर्ण गार करून घाला. आधी कडेने क्रीमचा बांध घाला, नाहीतर थर घसरतात.

मुलाच्या तोंडात काय जाईल

इथे हयगय नको. चंदेरी गोळ्या, अख्खे काजू-बदाम, मार्शमेलो, कडक गोळ्या: लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. जेम्स लावल्या असतील तर मुलाच्या तुकड्यावरून काढून घ्या. बाहुली उभी करायला टूथपिक किंवा तार खुपसू नका. कच्च्या स्पॅगेटीची काडी तेच काम करते. चमकीच्या डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलं म्हणजे ती खाण्याची झाली असं नाही, ‘खाद्य’ असा स्पष्ट उल्लेख पाहा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, सिरपमध्येही नाही. चार थरांचा केक पाहुण्यांच्या मोबाईलसाठी असतो. मुलाला बोट घालायला मऊ क्रीम मिळालं की झालं.

नेताना

केक मांडीवर घेऊन बसू नका, मांडी उतरती असते. गाडीत पायाशी, सपाट जागी, खाली ओलसर फडकं. स्पंज पुठ्ठ्यावर ठेवण्याआधी मधोमध चमचाभर क्रीम लावा म्हणजे तो सरकत नाही. घाट किंवा खड्ड्यांचा रस्ता असेल तर उंच सजावट वेगळ्या डब्यात न्या, पोचल्यावर लावा. वीज जायची लक्षणं दिसली तर फ्रिज सारखा उघडू नका.