बोटीच्या ट्रेलरसाठी मागचा कॅमेरा कसा निवडावा

गोव्यातल्या वाड्यांवरचे रस्ते बोट ओढून नेण्याच्या हिशेबाने कोणी बांधलेले नाहीत. एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या बाजूला गटार, आणि मधून जेमतेम एक गाडी. अशाच रस्त्याने अठरा फुटी फायबरची बोट ट्रेलरवर घालून शापोरा नदीवर न्यावी लागते. शिवोलीत एका वळणावर मागे घेताना माझ्या ट्रेलरचा कोपरा शेजाऱ्यांच्या गडग्याला लागला. कॅमेरा होता, पण स्क्रीन निळी पडली होती. कॅमेऱ्यात काहीच दोष नव्हता. त्याचा जोड खाऱ्या पाण्याने खाल्ला होता. तेव्हापासून कोणी सल्ला विचारला की मी आधी वायर आणि जोड बघायला सांगतो, चित्राची स्पष्टता नंतर.

पायरी १ : जागा ठरवा

ट्रेलर जोडला की गाडीचा स्वतःचा रिव्हर्स कॅमेरा फक्त बोटीचं नाक दाखवतो. तरी तो काढू नका. एकट्याने ट्रेलर जोडताना टो बॉल (गाडीमागचा ट्रेलर अडकवायचा गोळा) बरोबर कपलरखाली (ट्रेलरच्या पुढच्या टोकाच्या खोबणीखाली) आणायला तोच उपयोगी पडतो. मागचा रस्ता दिसायला मात्र ट्रेलरच्या शेवटाला दुसरा कॅमेरा लागतो.

तो बोटीवर बसवू नका. बोट पाण्यात गेली की कॅमेराही गेला, आणि संध्याकाळी तिला परत चढवण्यासाठी रिकामा ट्रेलर मागे घेताना काहीच दिसत नाही. ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीवर लावला तर धक्क्याच्या उतारावर चाकांबरोबर तोही बुडतो. बोट सरळ मधोमध चढावी म्हणून ट्रेलरच्या मागे दोन उभे खांब लावतात, त्यांतल्या एकाचं टोक ही मला सगळ्यात योग्य जागा वाटते. तिथे पाणी पोचत नाही आणि मागे आलेलं आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या टोकाला बाहेर लावलेलं) इंजिनही आड येत नाही. खांब नसतील तर वेल्डरकडून बसवून घ्या. बोट चढवतानाही ते कामाला येतील.

पायरी २ : वीज कुठून येणार ते विचारा

हा प्रश्न दुकानात बहुतेक जण विचारत नाहीत. ट्रेलर पाण्यात घालण्याआधी दिव्यांचा प्लग काढून ठेवण्याची आपली सवय असते, आणि ती चांगली सवय आहे. पण कॅमेऱ्याची वीज त्याच प्लगमधून येत असेल तर नेमका उतारावर कॅमेरा बंद पडतो. म्हणून कॅमेऱ्याला फ्यूज लावलेली स्वतंत्र वायर हवी. नुसत्या रिव्हर्स लाइटवर चालणारा सेटही नको. म्हापशाच्या गर्दीतून सरळ जातानाही ट्रेलरच्या मागे कोण स्कूटर घेऊन चिकटलं आहे ते दिसायला हवं. कार आणि जीपला १२ व्होल्ट, ट्रकला २४. सेट कशावर चालतो ते डब्यावर वाचून घ्या.

पायरी ३ : वायरचा की बिनवायरचा

माझा कौल वायरचा. गाडी आणि ट्रेलर यांच्यामध्ये स्प्रिंगसारखी गुंडाळलेली केबल घ्या, म्हणजे वळणावर ती ताणत नाही आणि रस्त्यावर घासतही नाही.

बिनवायरचा घ्यायचाच असेल तर डिजिटल घ्या. जुन्या पद्धतीचे अॅनालॉग सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफायही तिथेच असल्यामुळे कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांच्या दाटीत चित्र फाटू शकतं. डब्यावरचं १०० मीटरचं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. मध्ये गाडीचा पत्रा आणि बोटीचं इंजिन आलं की ते बरंच घटतं.

चित्र किती उशिरा येतं तेही तपासा. ताशी ५ किलोमीटर वेगाने मागे जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात सुमारे ७० सेंटीमीटर सरकते. तेवढ्यात गडगा लागतो. कॅमेऱ्यासमोर हात हलवा. स्क्रीनवरचा हात मागून येताना जाणवला तर तो सेट परत करा.

पायरी ४ : पाणी आणि मीठ

डब्यावरचा आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचाव सांगणारा आकडा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. आयपी ६९ के ही जोरदार गरम फवाऱ्याची चाचणी आहे. दोन्ही चाचण्या गोड्या पाण्याच्या, आणि बऱ्याचदा हा आकडा फक्त कॅमेऱ्याच्या डबीचा असतो, केबलच्या टोकाच्या जोडाचा नसतो. जोडाला फिरवून घट्ट करायचं आट्यांचं कडं आणि आत रबराची रिंग आहे ना, ते हातात घेऊन बघा. केबलमधली तांब्याची तार कल्हई केलेली मिळाली तर थोडे जास्त पैसे देऊनही तीच घ्या. साधं तांबं आपल्या हवेत हिरवं पडतं. जोडात सिलिकॉन ग्रीस भरा, वर हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी) चढवा. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नका.

चुंबकाने चिकटणारा कॅमेरा गॅल्व्हनाइज्ड लोखंडावर बसतो, अॅल्युमिनियमच्या ट्रेलरवर नाही.

पायरी ५ : स्क्रीन आणि कोन

सात इंची स्क्रीन पुरते, फक्त तिने समोरची काच झाकू नये. दुपारच्या उन्हात ती दिसते का ते दुकानाबाहेर उभं राहून पाहा. कॅमेरा आणि स्क्रीन एकाच पद्धतीचे हवेत. एएचडी (जास्त स्पष्ट चित्राच्या पद्धतीचा) कॅमेरा साध्या स्क्रीनवर चालेलच असं नाही. १७० अंशांचं भिंग वस्तू असतात त्यापेक्षा लांब दाखवतं, म्हणून १२० ते १३० अंश बरे. चित्र आरशासारखं उलटं दाखवण्याची सोय असलीच पाहिजे. एखाद्याला ट्रेलरच्या मागे उजव्या बाजूला उभं करा. तो स्क्रीनवरही उजवीकडेच दिसला पाहिजे.

पायरी ६ : बसवल्यावर

स्क्रीनवरच्या तयार अंतररेषा बंद करा, त्या तुमच्या ट्रेलरच्या मापाच्या नसतात. मागे एक मीटर आणि दोन मीटरवर दोन चिरे ठेवा आणि ते दिसतात तिथे स्क्रीनच्या कडेला चिकटपट्टीच्या खुणा करा. उताराचा पाण्याखालचा भाग कुठे संपतो, शेवाळ कुठे आहे, हे कॅमेरा दाखवत नाही. ते ओहोटीच्या वेळी पायी जाऊन बघून या. धक्क्यावर पोरं पोहत असतात, म्हणून मागे एक माणूस उभा हवाच.

घरी आल्यावर कॅमेरा आणि जोड गोड्या पाण्याने धुवा. जूनमध्ये बोट अंगणात आली की कॅमेरा सोडवून घरात कोरड्या जागी ठेवा. नारळी पौर्णिमेच्या आधी तो परत जोडताना भिंगाच्या आतल्या बाजूला धुकं दिसलं तर सील गेलं आहे असं समजा, आणि त्या मोसमासाठी दुसरा घ्या.