विंगेतल्या साउंडवाल्यांसाठी प्युअर डेटा

एकांकिकेला साउंड वाजवणाऱ्यांचं काम ठरलेलं असतं. ट्रॅक लॅपटॉपवर तयार असतो, क्यू आला की स्पेसबार दाबायचा. पण नट एका प्रयोगाला पॉज ताणतो, दुसऱ्याला गिळून टाकतो, आणि ट्रॅकला त्याचं काही सोयरसुतक नसतं. मी प्युअर डेटा हे सॉफ्टवेअर वापरते ते एवढ्याचसाठी. यात आवाज तिथल्या तिथे तयार होतो आणि माइकमध्ये काय येतंय ते ऐकून बदलतो. पाठीमागच्या पडद्यावरचं चित्रसुद्धा.

मिलर पकेट यांनी 1980च्या दशकात पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत मॅक्स हे याच धर्तीचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि 1990च्या दशकात सॅन डिएगोला हे प्युअर डेटा, म्हणजे पीडी. मॅक्सला पैसे मोजावे लागतात. पीडी फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि जुन्यापान्या लॅपटॉपवरही बिनतक्रार चालतं. दिसायला अगदीच रूक्ष, पांढऱ्या पानावर काळ्या चौकटी. तिकडे दुर्लक्ष करा.

पीडीत एकेक काम करणारी चौकट म्हणजे ऑब्जेक्ट. ऑब्जेक्टची नावं मी इथे देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची. नावामागची नागमोडी खूण, टिल्ड, विसरायची नाही. ती असली तर तो आवाजाचा ऑब्जेक्ट, नसली तर नुसत्या आकड्यांचा.

नवीन पॅच, म्हणजे चौकटी आणि तारा मांडायचं कोरं पान, उघडा. कंट्रोल-1 ने चौकट येते, तिच्यात ऑस्क~ 440 लिहा. तिच्याखाली *~ 0.1, त्याखाली डॅक~. वरच्या चौकटीच्या खालच्या कडेवरून खालच्या चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत तार ओढा. डॅक~ म्हणजे स्पीकरकडे जाणारी वाट. त्याला वरच्या कडेला दोन इनलेट, म्हणजे आत यायची दारं, आहेत, डावा आणि उजवा स्पीकर. दोन्हींत तार द्या. मग कंट्रोल आणि तिरकी रेघ दाबून डीएसपी, म्हणजे पीडीचं आवाजाचं इंजिन, सुरू करा. सूं आवाज आला पाहिजे. मधला 0.1 गाळू नका. ऑस्क~ पूर्ण ताकदीने, उणे एक ते अधिक एक, वाजतो आणि हेडफोन कानावर असेल तर त्याचा प्रसाद मिळतो.

आता तारांकडे बघा. जाड तारेतून आवाज अखंड वाहतो, सेकंदाला 44,100 किंवा 48,000 आकडे. बारीक तारेतून फक्त निरोप जातो, तोही कुणी पाठवला तर. पीडी शिकताना बहुतेक सगळे इथेच अडकतात. साध्या बेरजेचा ऑब्जेक्ट घ्या, +. उजव्या इनलेटमध्ये 5 पाठवला तर काहीच घडत नाही. तो पाहुणा ओसरीवर बसून राहतो; डाव्या दाराने कुणी आत आलं की मगच घरात हालचाल होते आणि उत्तर बाहेर पडतं. एकच आकडा दोन्ही इनलेटना जोडलात तर आधी कोणती तार ओढली होती त्यावर उत्तर ठरतं, आणि पॅचकडे बघून ते ओळखता येत नाही. अशा जागी ट्रिगर ऑब्जेक्ट वापरा. तो उजवीकडून डावीकडे, ठरल्या क्रमानेच निरोप पाठवतो. मी तर जिथे एका आउटलेटमधून, म्हणजे खालच्या कडेच्या दारातून, दोन बारीक तारा निघतात तिथे डोळे मिटून ट्रिगर टाकते.

आता कामाचा पॅच: नट बोलायला लागला की मागचा सूर खाली जाईल, तो थांबला की हळूहळू वर येईल.

सुरासाठी दोन फेजर~ घ्या, हाही ऑस्क~सारखा सूर काढणारा ऑब्जेक्ट. काळी एकचा खालचा सा म्हणजे मिडी 49 (मिडीत प्रत्येक स्वराला एक क्रमांक असतो). नंबर बॉक्समधून तो एमटूएफला (मिडीचा आकडा हर्ट्झमध्ये बदलणारा ऑब्जेक्ट) दिलात की 138.59 हर्ट्झ मिळतात. ते पहिल्या फेजर~ला. पंचमासाठी मिडीत सात मिळवू नका. साची वारंवारिता * 1.5 करून दुसऱ्या फेजर~ला द्या, म्हणजे 207.89. मिडीचा पंचम 207.65 येतो. फरक क्षुल्लक वाटेल, पण लांब चालणाऱ्या सुरात तो दर दोन सेकंदांनी लाट उठवतो. तानपुरा कानात मुरलेला माणूस प्रेक्षागृहात असतोच.

फेजर~ करवतीसारखा कर्कश असतो, म्हणून दोन्ही एका लॉप~ 800 मधून, म्हणजे वरची कर्कश बाजू कापणाऱ्या फिल्टरमधून, काढा. शिवाय तो शून्य ते एक असा चालतो, शून्याच्या दोन्ही बाजूंना नाही. ती एकतर्फी ढकल काढायला पुढे हिप~ 5. मग *~, आणि मग डॅक~. या *~च्या पुढे आकडा लिहायचा नाही. लिहिलात तर त्याचा उजवा इनलेट फक्त निरोप घेतो, जाड तार घ्यायला नकार देतो आणि कन्सोलमध्ये तक्रार येते. आपल्याला तिथे लाइन~, म्हणजे सांगितलेल्या वेळात आकडा हळूहळू बदलणारा ऑब्जेक्ट, जोडायचा आहे, तेव्हा इनलेट मोकळा हवा.

माइकची बाजू: माइकचा आवाज आत घेणारा एडीसी~, त्याखाली एन्व्ह~. हा आवाजाची पातळी डेसिबलमध्ये सांगतो, 100 म्हणजे पूर्ण. त्याखाली > 65, मग चेंज, मग सेल 0 1. पातळी 65च्या वर गेली की 1 येतो, नाहीतर 0; सेल 0 आला तर पहिल्या आणि 1 आला तर दुसऱ्या आउटलेटमधून निरोप काढतो. सेलच्या पहिल्या आउटलेटला मेसेज बॉक्स (कंट्रोल-2) जोडा, त्यात 0.2 2000. दुसऱ्याला 0.05 300. दोन्ही मेसेज लाइन~ला, आणि लाइन~ त्या मोकळ्या इनलेटला. बोलणं सुरू झालं की 300 मिलिसेकंदांत सूर दबतो, थांबलं की दोन सेकंदांत परत चढतो. चढ मुद्दाम संथ ठेवलाय, नाहीतर दोन शब्दांमधल्या श्वासालाही सूर उसळी मारेल.

चेंज कशाला? एन्व्ह~ सेकंदाला ऐंशी-नव्वद वेळा आकडा टाकतो. प्रत्येक आकड्याला दोन सेकंदांचा चढ नव्याने सुरू झाला तर सूर वर पोचायला फार वेळ लागतो. चेंज फक्त बदललेलीच गोष्ट पुढे जाऊ देतो.

65 हा आकडा माझ्याकडचा. तुमचा तुम्ही रंगमंचावर काढा, आणि सूर स्पीकरवर चालू ठेवून काढा, कारण माइकला तोही ऐकू येतो. नटाच्या गालाजवळचा माइक असेल तर काम सोपं. वरून टांगलेल्या माइकवर हा पॅच चालवू नये असं माझं मत.

पडद्यावरच्या चित्रासाठी मेनूतल्या फाइंड एक्स्टर्नल्समधून जेम, हा पीडीचा चित्रांसाठीचा जोड-संच, उतरवून घ्या. जेमविनला 'क्रिएट, 1' असा मेसेज दिला की खिडकी उघडते. जेमहेडखाली सर्कल. एन्व्ह~ची दुसरी तार - 50, / 20, मॅक्स 0 अशी नेऊन सर्कलच्या उजव्या इनलेटला द्या, आवाजाबरोबर वर्तुळ फुगेल. जेम मुळात सेकंदाला 20 चित्रं काढतो, वर्तुळाला तेवढी पुरतात. कॅमेऱ्याचे थरावर थर चढवायचे असतील तर सरळ टचडिझायनर या चित्रांच्या सॉफ्टवेअरकडे जा, पीडीला त्यात राबवू नका.

मीडिया मेनूतल्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये डिले (आवाजाला लागणारा उशीर) कमी करत जा, आवाज फुटायला लागला की थोडा वाढवा. विंडोजवर असिओ ड्रायव्हर असेल तर तोच निवडा. प्रयोगाआधी लॅपटॉपची झोप आणि अपडेट बंद करा, आणि पॅचमध्ये लोडबँगखाली (फाइल उघडताच निरोप पाठवणारा ऑब्जेक्ट) '; पीडी डीएसपी 1' असा मेसेज जोडून ठेवा, म्हणजे अंधारात फाइल उघडली तरी आवाज आपोआप सुरू होतो.