निर्वासितांच्या घरातली बाई वाचायची कशी

निर्वासित जर्मन लेखकाच्या बायकोबद्दल वाचायचं तर नवऱ्याच्या चरित्रापासून सुरुवात करू नका. पुण्यात जर्मन शिकवायला लागले तेव्हा मी तेच केलं, आणि दोन वर्षं माझ्या हाती फक्त कादंबऱ्यांच्या तारखा लागल्या. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यानंतर जर्मनीतून बाहेर पडलेल्या लेखकांचं रोजचं जगणं कळून घ्यायचं असेल तर एक बाई धरा. वहीत तीन रकाने आखा: पैसा कुठून आला, परकी भाषा कोणी निभावली, कागदपत्रांसाठी कोण पुढे झालं.

पहिली मार्टा फॉइख्टवांगर घ्या, कादंबरीकार लिऑन फॉइख्टवांगरची बायको. म्हातारपणी तिची लांबलचक मुलाखत ध्वनिमुद्रित झाली, त्यामुळे ती स्वतःच्या तोंडाने बोलते. दक्षिण फ्रान्समधल्या सनारीत सात वर्षं घर चाललं. १९४० मध्ये फ्रान्सने त्यांना नजरकैदेत टाकलं, नवरा लिऑन ले मिलच्या छावणीत आणि ती गूर्सच्या. पुढे फ्रान्स आणि स्पेनमधले पिरेनीज पर्वत चढून स्पेनच्या नाक्यावर पोचल्यावर तिने अमेरिकी सिगारेटींची पाकिटं टेबलावर ओतली. शिपाई त्यांवर तुटून पडले आणि तिच्या कागदांवर नाव न बघताच शिक्का बसला. हे तिसऱ्या रकान्यात लिहा.

पैशाच्या रकान्यासाठी अलिस हेर्डान-त्सुकमायर, नाटककार कार्ल त्सुकमायरची बायको. अमेरिकेत व्हरमाँटच्या डोंगरात तिने आणि कार्लने शेत भाड्याने घेतलं, कोंबड्या, बदकं, शेळ्या पाळल्या. सरकारी शेतकी पुस्तिका वाचून ती हे सगळं शिकली आणि नंतर त्यावर सुंदर पुस्तक लिहिलं. भाषेसाठी हेलेने वायगेल, नाटककार ब्रेश्टची बायको. एवढी मोठी नटी, पण अमेरिकेतल्या सहा वर्षांत तिला एका सिनेमात एकही वाक्य नसलेली छोटीशी भूमिका मिळाली, एवढंच.

नेली मानसाठी मात्र घाई करू नका. आठवडाभर दुसरं काही वाचू नका. ती कादंबरीकार हाइनरिश मानची दुसरी बायको. आधी बर्लिनच्या बारमध्ये काम करायची, आणि हाइनरिशचा धाकटा भाऊ, कादंबरीकार टॉमस मान, याच्या घरात तिला कधी आपलं मानलं गेलं नाही. म्हणून तिच्याबद्दल जे लिहिलेलं सापडतं, ते बहुतेक तिच्याकडे नाक मुरडणाऱ्यांचं. प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने लिहा: हे कोणी लिहिलं, आणि त्याचं तिच्याशी नातं काय होतं. मग जे काम तिने केलं ते वेगळं काढा. १९४० च्या सप्टेंबरात एकोणसत्तर वर्षांच्या नवऱ्याला आधार देत तिने पिरेनीज पार करवले. लॉस एंजेलिसमध्ये त्याचा सिनेमाच्या स्टुडिओशी असलेला करार वर्षभरात संपला, तेव्हा तिने लाँड्रीत आणि इस्पितळात काम करून घर चालवलं. ती प्यायची, हेही खरं आहे, तेही लिहा. पण पगाराच्या ओळीनंतर लिहा, आधी नको. डिसेंबर १९४४ मध्ये झोपेच्या गोळ्या घेऊन तिने जीव दिला. वय शेहेचाळीस.

तिच्या पानावर तुमचे बरेच रकाने रिकामे राहतील. तर्काने भरू नका. रिकामी जागा तशीच ठेवून पान उलटा आणि पुढची बाई घ्या.