दुचाकी अपघातातील दुखापत : वाजवी भरपाई कशी मागावी

मोटारीने किंवा टेम्पोने धडक दिल्यामुळे दुचाकीस्वाराचे हाड मोडले, तर त्याला किती भरपाई मिळेल हे बऱ्याच अंशी पहिल्या दोन महिन्यांत कोणते कागद तयार झाले आणि ते कोणी जपून ठेवले यावर ठरते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा द्यावा लागत नाही. कोणाची बाजू अधिक संभवनीय आहे, एवढेच तेथे पाहिले जाते. मात्र ही संभाव्यतासुद्धा कागदावर दिसावी लागते, आणि नेमक्या त्या दिवसांत जखमी माणूस अंथरुणाला खिळलेला असतो. म्हणून घरातील एका जबाबदार व्यक्तीने हे काम पहिल्या दिवसापासून अंगावर घ्यावे.

सुरुवात रुग्णालयातूनच करावी. जखमीला दाखल करताना 'पडून लागले' असे मोघम न सांगता वाहनाच्या धडकेने दुखापत झाल्याचे स्पष्ट सांगावे आणि तशी वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एमएलसी, झाली आहे याची खात्री करावी. घाबरलेला नातेवाईक पोलिसांचा ससेमिरा टाळण्यासाठी 'घसरून पडला' असे सांगतो, आणि दोन वर्षांनी धडक देणाऱ्या वाहनाच्या विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत तोच केसपेपर पुढे करतो. उपचाराच्या खर्चासाठी 2025 च्या रोखरहित उपचार योजनेचीही चौकशी करावी. त्या योजनेत अपघातापासून 7 दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळतात.

जागेवरच मिटवून घेण्याचा आग्रह हा दुसरा धोका. धडक देणारा पाच-दहा हजार रुपये हातावर ठेवतो आणि वहीच्या फाडलेल्या पानावर 'आपसात मिटले असून आमची काहीही तक्रार नाही' असे लिहून सही घेतो. गुडघ्याच्या आत काय मोडले आहे हे त्या क्षणी डॉक्टरांनाही ठाऊक नसते. अशा कागदावर सही करू नये.

फिर्याद शक्य तितक्या लवकर द्यावी. उशीर झालाच, तर शस्त्रक्रिया किंवा बेशुद्धावस्था यांसारखे त्याचे कारण जबाबातच नोंदवून घ्यावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 आणि 125 खाली गुन्हा नोंदला गेल्यावर प्रथम खबरी अहवाल, घटनास्थळ पंचनामा, दोन्ही वाहनांच्या तपासणीचे अहवाल, दुखापत प्रमाणपत्र आणि पुढे दोषारोपपत्र यांच्या प्रती घ्याव्यात. यांत पंचनामा विशेष लक्ष देऊन वाचावा. रस्त्याची रुंदी, दुभाजक आहे की नाही, काचांचे तुकडे कोणत्या बाजूला पडले होते, टायर घासल्याच्या खुणा किती फुटांच्या होत्या आणि दुचाकी कडेपासून किती अंतरावर होती, या चार-पाच ओळींवरून चूक कोणाची याचा निष्कर्ष निघतो. त्यात चुकीचे काही आढळल्यास तपासी अंमलदारांना लेखी कळवून पोच घ्यावी. जवळच्या दुकानांतील सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांतच पुसले जाते. ते जतन करण्याचा लेखी अर्ज पोलिसांना ताबडतोब द्यावा.

2022 पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी 48 तासांत पहिला आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 प्रमाणे अशा अहवालालाच भरपाईचा अर्ज मानता येते. तथापि केवळ त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. 1 एप्रिल 2022 पासून दाव्याला अपघाताच्या तारखेपासून 6 महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असून केवळ विलंबाच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झाला आहे. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर अर्ज लांबवू नये. दावा अपघात जेथे घडला तेथेच करावा लागतो असे नाही. अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो, जेथे राहतो, त्या हद्दीतील न्यायाधिकरणातही तो करता येतो. कोल्हापूरच्या माणसाला पुण्याजवळ अपघात झाला, तर त्याने कुबड्या घेऊन पुण्याला खेटे घालण्याचे कारण नाही.

अर्ज कोणत्या कलमाखाली करायचा, हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. कलम 164 खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात, आणि हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. मात्र रक्कम तेवढ्यावरच थांबते. कायमचे अपंगत्व आले असेल आणि समोरच्याची चूक दाखवता येत असेल, तर प्रत्यक्ष नुकसान मागण्याची वाट कलम 166 चीच आहे. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर 2022 च्या योजनेखाली गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये मिळतात, आणि त्याचा अर्ज महसूल उपविभाग किंवा तालुका स्तरावरील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावा लागतो.

आता रकमेकडे वळू, कारण बहुतेक अर्जदार येथेच स्वतःचे नुकसान करून घेतात. दवाखान्याच्या बिलांची बेरीज म्हणजे भरपाई, असा समज सर्वत्र आहे. वास्तविक मोठी रक्कम कमावण्याची क्षमता घटण्यात असते. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की दाखल्यावरील अपंगत्वाची टक्केवारी जशीच्या तशी उत्पन्नाला लावायची नसते, तर त्या माणसाच्या व्यवसायावर अपंगत्वाचा काय परिणाम झाला हे तपासायचे असते. 32 वर्षांचा, महिना 18,000 रुपये कमावणारा एक फरशी बसवणारा कारागीर उदाहरणादाखल घेऊ. स्वयंरोजगारात असून वय चाळिशीच्या आत असल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्याच प्रणय सेठी निकालातील तत्त्वाप्रमाणे भविष्यातील उत्पन्नवाढीपोटी 40 टक्के मिळवले, की मासिक उत्पन्न 25,200 आणि वार्षिक 3,02,400 रुपये होते. सरला वर्मा निकालातील तक्त्यानुसार 31 ते 35 वयासाठी गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा, 16 असल्याने गुणाकार 48,38,400 रुपये येतो. दाखल्यावर पायाचे 20 टक्के अपंगत्व असेल आणि तेवढेच धरले, तर 9,67,680 रुपये होतात. परंतु ज्याचे सारे काम उकिडवे बसून चालते आणि ज्याचा गुडघा आता पूर्ण वाकत नाही, त्याची कमाईची क्षमता निम्म्याच्या आसपास घटली असे म्हणणे वावगे नाही. न्यायाधिकरणाने ती घट 40 टक्के जरी मानली, तरी रक्कम 19,35,360 रुपये होते. याउलट टेबलावर बसून काम करणाऱ्या कारकुनाच्या बाबतीत याच गुडघ्याची घट कितीतरी कमी धरली जाऊ शकते. म्हणून कामाचे स्वरूप अर्जात तपशीलवार लिहावे, आणि दाखला देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष घ्यावी. नुसता दाखला फाइलला जोडून भागत नाही.

पगारपत्रक नसलेल्या माणसाने उत्पन्नासाठी बँकेचे खातेउतारे, यूपीआयवर जमा झालेल्या रकमा, गुमास्ता परवाना, बांधकाम कामगार म्हणून असलेली नोंदणी आणि ठेकेदाराची साक्ष यांचा आधार घ्यावा. अन्यथा किमान वेतनाच्या आसपासचा अंदाज धरला जातो. औषधांची बिले ज्या गुळगुळीत कागदावर छापतात, त्यावरील अक्षरे वर्षभरात उडून जातात. प्रत्येक बिलाची छायाप्रत त्याच आठवड्यात काढून मूळ प्रतीला जोडावी. रिक्षाभाडे, विशेष आहार, मदतनिसाचा खर्च, उपचारकाळात बुडालेली कमाई, वेदना आणि जीवनातील सुखसोयींना मुकणे यांपैकी प्रत्येक शीर्षकाखालील रक्कमही स्वतंत्रपणे मागावी. पायात प्लेट आणि स्क्रू असतील, तर ते काढण्याच्या पुढील शस्त्रक्रियेचे लेखी अंदाजपत्रक डॉक्टरांकडून आताच घ्यावे. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून वजा होणार नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये दिला आहे, त्यामुळे ती लपवण्याचे काही कारण नाही.

विमा कंपनीचे ठरावीक बचाव आधीच लक्षात घ्यावेत. तिघे एका दुचाकीवर होते, एवढ्यावरून सहभागी निष्काळजीपणा, म्हणजे अपघातात जखमीचीही काही चूक होती हे, सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले आहे. तिघे बसल्यामुळेच अपघात घडला किंवा त्याचा परिणाम वाढला असे कंपनीला दाखवावे लागते. हेल्मेट नसताना डोक्याला मार लागला असेल, तर मात्र हा मुद्दा जड जाऊ शकतो. चूक सर्वस्वी स्वतःचीच असेल, तर त्रयस्थ पक्ष विम्यातून, म्हणजे आपल्या वाहनामुळे इतरांना झालेल्या नुकसानीच्या विम्यातून, चालकाला काही मिळत नाही. अशा वेळी पॉलिसीत मालक-चालकाचे 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का आणि आपली दुखापत त्यात बसते का, हे पाहावे. मागे बसलेल्यासाठीही पॉलिसीचा प्रकार महत्त्वाचा आहे, कारण नुसत्या कायदेशीर किमान पॉलिसीत त्याची जोखीम धरलेली नसते, हे अनेकांना अपघातानंतरच कळते.

तडजोडीचा प्रस्ताव आल्यास वरच्या कारागिरासारखी आपली आकडेमोड कागदावर मांडूनच लोकअदालतीत जावे. लवकर हाती येणाऱ्या पैशासाठी थोडे कमी घेणे गैर नाही, परंतु तेथील निवाड्याविरुद्ध अपील नसते, आणि उपचार पूर्ण होऊन अपंगत्व स्थिर होण्यापूर्वी केलेली तडजोड बहुधा महागात पडते. वकिलांना भरपाईत टक्केवारी ठरवून फी घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. फी सुरुवातीलाच लेखी ठरवावी आणि कोऱ्या धनादेशावर सही करू नये. न्यायाधिकरणाचा निवाडा अपुरा वाटल्यास 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, मात्र वादातील रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर ते दाखल होत नाही. निवाड्याची प्रमाणित प्रत मिळण्यास वेळ लागतो, म्हणून तिच्यासाठी निकालाच्या दिवशीच अर्ज द्यावा.