खान्देशात प्लॉट घेण्याआधी माणसं कशी जोडावीत

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे जमिनीत पहिल्यांदा पैसा घालणारा बहुधा दलालापासून सुरुवात करतो. इथेच क्रम चुकतो. दलालाला पैसे सौदा झाला तरच मिळतात. म्हणून ‘घेऊ नका’ असं सांगू शकणारा माणूस त्याच्या आधी हाताशी हवा.

पहिला माणूस वकील. त्याच तालुक्याच्या दिवाणी कोर्टात जमिनीचे दावे चालवणारा शोधा. त्याच्याकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदलेल्या व्यवहारांचा अहवाल घ्या आणि प्रत्येक फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, समोर बसून समजून घ्या. फी आधी ठरवा, ती सौदा मोडला तरी पूर्ण द्या. ‘नाही’ म्हटल्याने त्याचं नुकसान होत नसेल, तरच तो मोकळेपणाने ‘नाही’ म्हणेल.

दुसरा, निवृत्त तलाठी किंवा सर्कल (मंडळ अधिकारी). सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना यांच्याइतका बारकाईने कुणी वाचत नाही. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाची नोंद तिथेच सापडते. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी आहे का, हेही सातबाऱ्यावरच कळतं. सल्ल्याचे पैसे द्या. सेवेतल्या कर्मचाऱ्याशी मात्र ओळख असली तरी काम अर्ज देऊन, पोच घेऊनच करावं.

नंदुरबार जिल्ह्यात, तसंच साक्री-शिरपूरकडे हा माणूस फार मोलाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला मंजुरीशिवाय घेता येत नाही. ‘परवानगी होऊन जाईल भाऊ, इसार देऊन टाका’ असं कुणी म्हणालं, तर एक रुपयाही काढू नका. शेतकरी नसाल तर शेतजमिनीचाही नाद सोडा; मंजूर ले-आऊटमधला बिनशेती प्लॉटच बघा.

मग दलाल. एकावर राहू नका. भागवार दोन-तीन ठेवा. भुसावळ रोडचा भाव सांगणारा पाचोऱ्याचा भाव नेमका सांगेलच असं नाही. बजेट, किती चौरस मीटर, रस्ता किती रुंद हवा, हे पहिल्याच भेटीत आकड्यात सांगा. दलाली किती आणि कधी, ते लिहून घ्या. त्याने जुळवलेल्या दोन-तीन सौद्यांची इंडेक्स-2, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, मागा. नव्या प्रकल्पातलं काही दाखवत असेल तर त्याचा महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक तपासा. दाखवलेल्या प्लॉटवर दोन दिवसांत उत्तर द्या, नकार असेल तर कारणासकट. आठवडाभर गप्प राहणाऱ्याला चांगला प्लॉट कुणी आधी दाखवत नाही.

बँकेचा कर्ज अधिकारी आणि एक सिव्हिल इंजिनिअर एवढे पुढे पुरेत. कर्ज नको असलं तरी कागद बँकेत दाखवा. बँक ज्यावर कर्ज द्यायला तयार नाही, त्याचं कारण विचारून घ्या.

शेवटी शेजारचे शेतकरी आणि पोलीस पाटील. बांधाचा, वाटेचा वाद कागदावर नसतो, यांना ठाऊक असतो. मालकाला बहिणी किती, त्या कुठे दिल्यात, हेही यांनाच विचारा. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. भावांनी परस्पर विकलेली जमीन बहिणीच्या दाव्यात अडकते, ती इथेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तेव्हा सगळे वारस एका घरात भेटतात. त्यांच्याशी तेव्हाच बोला, आणि निबंधक कार्यालयाच्या सुट्ट्या बघून त्याच आठवड्यात दस्ताची वेळ घेऊन ठेवा.