स्वातंत्र्याच्या सार्वमताचा विभागवार निकाल कसा वाचावा

सार्वमताच्या दुसऱ्या दिवशी दोन रंगांचा नकाशा छापून येतो आणि त्याखाली ठरलेली वाक्यं असतात: शहरांनी होकार दिला, खेड्यांनी नाकारलं, अमुक समाजाने देश तोडण्याच्या बाजूने मत टाकलं. असे निकाल मी बरीच वर्षं शिकवते आहे. या वाक्यांपैकी निम्मीअधिक त्या आकड्यांतून निघतच नाहीत, तरी ती वर्षानुवर्षं बोलली जातात आणि त्यांतून एखाद्या समाजावर कायमचा शिक्का बसतो. तसं आपल्या हातून होऊ नये यासाठी निकाल या क्रमाने वाचावा.

१. मूळ पत्रक घ्या

बातमीतला तक्ता नको, निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलेलं पत्रकच घ्या. नोंदलेले मतदार, झालेलं मतदान, होय, नाही आणि बाद मतं असे पाचही रकाने हवेत.

२. प्रश्न काय होता आणि मत कोणाला होतं ते पाहा

पूर्व तिमोरमध्ये १९९९ साली ‘स्वातंत्र्य हवं का’ असं विचारलंच नव्हतं. इंडोनेशियाच्या अंतर्गत विशेष स्वायत्तता स्वीकारायची की नाकारायची, असा प्रश्न होता. ज्याला स्वातंत्र्य हवं होतं त्याला नकारावर खूण करावी लागली. गोव्याचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल स्वातंत्र्याचा नव्हता, पण वाचायची रीत तीच. तिथे होय-नाहीही नव्हतं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, संघप्रदेश राहायचं असेल तर दोन पानं.

मतदार यादीचंही तसंच. स्कॉटलंडमध्ये २०१४ साली मताचा अधिकार तिथे राहणाऱ्यांना होता, वय १६ पासून. त्यात राष्ट्रकुल देशांचे रहिवासी नागरिकही आले. म्हणजे ग्लासगोत राहणारा, भारतीय पारपत्र असलेला मराठी माणूस मत देऊ शकत होता आणि लंडनला स्थायिक झालेला ग्लासगोकर देऊ शकत नव्हता. प्रशांत महासागरातल्या, फ्रान्सच्या ताब्यातल्या न्यू कॅलेडोनियात याच्या उलट. तिथे अलीकडे फ्रान्सहून आलेल्यांना सार्वमताच्या यादीत जागाच नव्हती. म्हणून जनगणनेतली लोकसंख्या आणि मतदार यादी यांना एकच समजू नका.

३. नकाशा बाजूला ठेवा

क्यूबेक या कॅनडाच्या फ्रेंच भाषक प्रांतात ३० ऑक्टोबर १९९५ ला १२५ मतदारसंघांपैकी ८० मध्ये ‘होय’ला आघाडी होती. नकाशा पाहिला तर प्रांत वेगळा झाला असंच वाटावं. प्रत्यक्षात ‘नाही’ ५०.५८ टक्के मतांनी जिंकलं आणि फरक होता ५४,२८८ मतांचा, कारण माँट्रियल बेटाच्या पश्चिम भागात नकाराचे गठ्ठे पडले होते. सार्वमतात जागा मोजत नाहीत, मतं मोजतात.

स्कॉटलंडचा नकाशा दुसऱ्या बाजूने फसवतो. ३२ कौन्सिल विभागांपैकी डंडी, ग्लासगो, वेस्ट डनबार्टनशायर आणि नॉर्थ लॅनर्कशायर एवढ्या चारच ठिकाणी ‘होय’ला बहुमत मिळालं. पण देशभरात ‘होय’ला ४४.७ टक्के मतं होती. इन्व्हरक्लाइडमध्ये ‘नाही’ला अवघ्या ८६ मतांची आघाडी आणि ऑर्कनीमध्ये ६७ टक्के नकार, नकाशात दोघांचा रंग एकच. म्हणून रंगांऐवजी विभागांची यादी होकाराच्या टक्केवारीनुसार लावा आणि शेजारी मतांचा प्रत्यक्ष आकडा लिहा.

४. टक्केवारी कशाची ते विचारा

युक्रेनच्या १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात स्वातंत्र्याला ९० टक्के मिळाले असंही लिहिलेलं सापडतं आणि ९२ टक्केही. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात बाद मतं धरली आहेत, दुसऱ्यात वगळली आहेत. एकाच तक्त्यात दोन्ही मिसळू नका.

त्याहून मोठी गफलत मतदानाच्या टक्क्यात होते. त्याच सार्वमतात क्रिमियात ५४ टक्के होकार आला, पण मतदान झालं सुमारे ६७ टक्के. नोंदलेल्या मतदारांशी भागलं तर होकार तिसऱ्या हिश्शाहून थोडाच जास्त उरतो. न्यू कॅलेडोनियात तर याचं टोक पाहायला मिळतं. २०१८ मध्ये स्वातंत्र्याला ४३.३ टक्के, २०२० मध्ये ४६.७ टक्के आणि १२ डिसेंबर २०२१ ला ३.५ टक्के. तिथल्या लोकांचं मन वर्षभरात असं बदललं नव्हतं. कोविडच्या मृत्यूंमुळे कनक, म्हणजे तिथला मूळ रहिवासी समाज, शोकात होता, मतदान पुढे ढकलण्याची मागणी मान्य झाली नाही आणि स्वातंत्र्यवाद्यांनी बहिष्कार घातला. तिथल्याच लॉयल्टी बेटांवर पाच टक्केही मतदान झालं नाही. २०२१ चा विभागवार होकार-नकार वाचूच नका. त्या वर्षीचा एकमेव बोलका रकाना मतदानाच्या टक्क्याचा आहे.

५. विभागाच्या आकड्यातून माणसाचं मत काढण्याआधी वजाबाकी करा

सगळी अडचण या पायरीवर आहे आणि मी स्वतः इथेच पडले होते.

स्कॉटलंडचा निकाल लागल्यावर मी एका अभ्यासवर्गात फळ्यावर दोन यादी मांडल्या होत्या. एकीकडे सर्वाधिक होकाराचे विभाग, दुसरीकडे बेरोजगारी जास्त असलेले विभाग. डंडी, ग्लासगो, वेस्ट डनबार्टनशायर ही नावं दोन्हींत होती. मी ठासून सांगितलं, ‘गरिबांनी स्वातंत्र्याला मत दिलं.’ मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, मत गरिबांनीच दिलं हे कशावरून?’ मी पुन्हा त्याच दोन यादींकडे बोट दाखवलं. घरी आल्यावर कागदावर मांडून पाहिलं, तेव्हा कळलं की माझ्याकडे उत्तर नव्हतंच.

तुम्हीही मांडून पाहा. समजा एका विभागात मत देणारे १०० जण आहेत, त्यांतले ३० बेरोजगार. होकाराची मतं ५५. आता त्या तिसांपैकी होकार किती जणांनी दिला? तिसांनीही दिला असेल. एकानेही दिला नसेल, कारण उरलेल्या सत्तरांतून ५५ मतं सहज निघतात. शून्य ते तीस, काहीही शक्य आहे. म्हणजे त्या विभागाचा आकडा बेरोजगारांबद्दल काहीच सांगत नाही. कदाचित बेरोजगारी असलेल्या शहरात नोकरी करणाऱ्यांनाच बदल हवासा वाटला असेल. विभागांची संख्या कितीही वाढवली तरी हा दोष आपोआप जात नाही. पुढच्या वर्गात मी आधीचं विधान मागे घेतलं आणि हीच वजाबाकी फळ्यावर केली.

पण याचा अर्थ विभागवार आकडे निरुपयोगी, असा काढू नका. काही लोक त्या टोकाला जातात, तेही मला मान्य नाही. आकडा आपल्याला एक किमान आणि एक कमाल मर्यादा देतो. ती कधी इतकी रुंद असते की बोलण्यात अर्थ नसतो, तर कधी इतकी अरुंद की ठामपणे बोलता येतं. कृती अशी: होकाराच्या टक्क्यातून ‘त्या गटाबाहेरच्या’ सगळ्या लोकांचा टक्का वजा करा. जे उरेल तो, शंभर मतांमागे, त्या गटाचा किमान होकार. उत्तर शून्याखाली गेलं तर गप्प बसा.

लॉयल्टी बेटांवर जवळजवळ सगळी वस्ती कनक आहे. शंभरातले ९५ कनक धरा. २०१८ मध्ये होकार ८२ टक्के. बाहेरचे पाचही जण होकाराचे मानले तरी कनक होकार ७७ उरतात. ९५ पैकी ७७ ते ८२. इथे बोला, बिनधास्त बोला.

आता पूर्व युक्रेनमधला दोनेत्स्क घ्या. १९८९ च्या जनगणनेत तिथे रशियन सुमारे ४४ टक्के होते. १९९१ मध्ये स्वातंत्र्याला होकार ८४ टक्के. रशियन नसलेल्या ५६ जणांनी एकमुखाने होकार दिला असं मानलं तरी २८ मतं रशियनांकडून यावीच लागतात. ४४ पैकी २८ म्हणजे सुमारे ६४ टक्के, आणि हा किमान आकडा आहे. यात एक गृहीतक आहे: दोन्ही गट सारख्याच प्रमाणात मतदानाला आले. ते गृहीतक आपल्या लेखात नेहमी उघड लिहा. ते लिहूनही, ‘तिथल्या रशियनांना युक्रेन नकोच होता’ असं १९९१ बद्दल कोणी म्हणालं तर त्याला हे गणित करायला सांगा.

आता आपल्या घरचं उदाहरण, कारण यावर मी आजही चुकीची वाक्यं ऐकते. ‘जनमत कौलात हिंदू फुलाकडे, ख्रिस्ती दोन पानांकडे.’ विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ मतं पडली, बाजूने १,३८,१७०. तालुक्यांत फरक होता हे खरं. पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा घेतलेल्या भागात, विलीनीकरणाकडे कल होता, तर दक्षिण गोव्यातल्या साष्टीने जोरात नकार दिला. पण वजाबाकी करा. गोव्यातले एकूण मतदार चार लाखांच्या आत होते. त्यांतले ख्रिस्ती अगदी सढळ हाताने ४० टक्के धरले तर १,६०,००० होतात. एकही ख्रिस्ती मतदार घरी राहिला नाही आणि एकानेही फुलावर शिक्का मारला नाही, अशी अशक्य कल्पना केली तरी दोन पानांची १२,००० हून अधिक मतं बाहेरून आली. ख्रिस्ती आणि इतर सारख्याच प्रमाणात मतदानाला आले असं धरलं तर बिगरख्रिस्ती मतदारांपैकी किमान चौथा हिस्सा विलीनीकरणाविरुद्ध होता. या लोकांना त्या सोप्या वाक्यात जागाच नाही. मला त्याचं वाईट वाटतं, कारण ज्यांनी आपल्या गावच्या प्रवाहाविरुद्ध मत दिलं तेच पुढे कोणाला आठवत नाहीत.

मर्यादा रुंद निघाली तर मतदारांची पाहणी शोधा. स्कॉटलंडमध्ये एडिनबरा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ती केली. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्यांपैकी ५२.७ टक्क्यांनी होकार दिल्याचं तीत दिसलं, तर ब्रिटनच्या इतर भागांत जन्मलेल्यांपैकी ७२.१ टक्क्यांनी नकार दिला. ही माहिती ३२ विभागांच्या तक्त्यातून मिळालीच नसती. फक्त पाहणीलाही नमुन्याची चूक असते, तेव्हा ५२.७ मधल्या ‘.७’ वर भिस्त ठेवू नका.

आणि गटाचं गणित जमलं तरी प्रदेश स्वतःहून काही वेगळं करतो का, ते पाहायला विसरू नका. सागने–लाक-सें-जाँ हा क्यूबेक प्रांताचाच एक भाग आणि क्यूबेक शहराचा परिसर, दोन्हीकडे फ्रेंच भाषकच बहुसंख्य. १९९५ मध्ये पहिल्या ठिकाणी होकार सत्तर टक्क्यांच्या आसपास गेला, दुसऱ्या ठिकाणी निम्म्याच्या थोडा वर राहिला. भाषा एकच असून एवढी तफावत पडली. निकालाच्या रात्री पराभवाचं खापर प्रांताचे मुख्यमंत्री (प्रीमियर) जाक पारिझो यांनी ‘पैसा आणि वांशिक मतं’ यांवर फोडलं. क्यूबेक शहराच्या त्या आकड्याचं काय, हा प्रश्न त्या वाक्यात बसत नव्हता.

६. पक्षाचा बालेकिल्ला आणि होकार यांना जोडू नका

अँगस, मरी, पर्थ हे स्कॉटिश नॅशनल पार्टीचे जुने गड, तिन्हीकडे २०१४ मध्ये नकार. ग्लासगो तेव्हापर्यंत लेबर पक्षाचं, तिथे होकार.

७. विभागातल्या विभागाचं मत वेगळं नोंदवा

क्यूबेकच्या सार्वमताआधी सहा दिवस, २४ ऑक्टोबर १९९५ ला, क्री या तिथल्या आदिवासी लोकांनी स्वतःचं सार्वमत घेतलं आणि ९६ टक्क्यांहून अधिक मतं क्यूबेकबरोबर वेगळं होण्याविरुद्ध पडली. प्रांताच्या तक्त्यात हे दिसत नाही. उत्तरेच्या केवढ्या मोठ्या भूभागावर त्या लोकांचा हक्क आहे हे पाहिलं, तर ती ओळ तळटीप म्हणून टाकता येत नाही.

८. विभागवार तक्ता नसेल तर बनवू नका

पूर्व तिमोरच्या ३० ऑगस्ट १९९९ च्या मतदानाचा जिल्हावार निकाल विद्यार्थी मला हमखास मागतात. संयुक्त राष्ट्रांनी सगळ्या मतपेट्या राजधानी दिली इथे आणून मतं एकत्र मोजली, ती मुद्दामच. कोणत्या जिल्ह्याने काय म्हटलं हे कळलं असतं तर तिथल्या लोकांवर सूड उगवला गेला असता. भीती खरी होती. ४ सप्टेंबरला निकाल जाहीर झाला आणि सशस्त्र टोळ्यांनी गावंच्या गावं जाळली. तेव्हा त्या वर्षाचा तक्ता एका ओळीचा आहे: स्वायत्तता नाकारणारे ७८.५ टक्के, स्वीकारणारे २१.५ टक्के. ती ओळ तशीच लिहा आणि खालचे रकाने कोरे ठेवा.