कारखान्याचा डेटा कुठे ठेवावा : कोल्हापूरच्या उद्योजकांसाठी मार्गदर्शन

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतील मध्यम उद्योगांत जुना सर्व्हर बदलायची वेळ आली, की ‘नवा सर्व्हर घ्यावा की सगळे क्लाउडवर न्यावे’ हा प्रश्न पुढे येतो आणि विक्रेता ज्या बाजूचा असेल त्या बाजूचे उत्तर मिळते. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. त्याआधी कोणता डेटा किती वेळ बंद राहिला तरी काम चालेल आणि किती तासांच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या तरी सोसवेल, हे मालकाने आणि हिशेबनिसाने एकत्र बसून लिहून काढले पाहिजे.

एखाद्या फौंड्रीत पाहिले तर टॅली किंवा ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारी प्रणाली) यांतील हिशेब, पॅटर्नची कॅड ड्रॉइंग, हीट नंबरनुसार (भट्टीतील प्रत्येक वितळणीच्या क्रमांकानुसार) ठेवलेले स्पेक्ट्रोमीटरचे, म्हणजे धातूची घटक-तपासणी करणाऱ्या यंत्राचे, अहवाल, ई-मेल आणि सीसीटीव्हीचे चित्रण असा पाच प्रकारचा डेटा आढळतो. यांत सर्वाधिक जागा बहुधा सीसीटीव्ही खाते आणि त्याचेच महत्त्व सर्वांत कमी असते. ते कारखान्यातल्या रेकॉर्डरवरच राहू द्यावे, त्यासाठी क्लाउडचे भाडे भरू नये. हिशेबाचा डेटा आकाराने लहान असतो, पण तो बंद पडला की ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल निघत नाही व भरलेला ट्रक दारातच उभा राहतो. ड्रॉइंग आणि तपासणी अहवाल रोज लागत नाहीत. मात्र वाहन उद्योगातील ग्राहक काही वर्षांनी एखाद्या कास्टिंगचा मागोवा मागतो, तेव्हा हरवलेला अहवाल पुन्हा तयार करता येत नाही.

यानंतर कायद्याकडे पाहावे. नोंदणीकृत कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपावी लागतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो. त्यामुळे क्लाउडचे खाते उघडताना विभाग (म्हणजे क्लाउड कंपनीचे सर्व्हर जिथे आहेत ते ठिकाण) स्वतः निवडावा, कारण आपोआप निवडला जाणारा विभाग परदेशातील असू शकतो. ॲमेझॉनचे विभाग मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहेत. मायक्रोसॉफ्टचा एक विभाग पुण्यात, तर गुगलचे मुंबई आणि दिल्लीत आहेत. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग (वापराच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवणे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणेही बंधनकारक आहे.

मग इंटरनेटचा हिशेब मांडावा. १०० एमबीपीएसची जोडणी अखंड पूर्ण वेगाने चालली तरी १ टीबी डेटा उतरवायला साधारण २२ तास लागतात, आणि १० टीबीला नऊ दिवसांहून अधिक. सर्व्हर जळाल्यावर ‘सगळे क्लाउडवर आहेच’ या वाक्याचा खरा अर्थ या आकड्यांत कळतो. म्हणून जी ड्रॉइंग रोज उघडायची आहेत त्यांची चालती प्रत कारखान्यातच असावी आणि क्लाउडवर त्यांची दुसरी प्रत जावी. हिशेबासारखा लहान डेटा मात्र पूर्णपणे क्लाउडवर चालवणे सोयीचे ठरते, फक्त दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या हव्यात.

खर्चाचा वाद जगभर चालू आहे. फाइल साठवण्याची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने २०१६ पर्यंत आपला बहुतेक डेटा ॲमेझॉनच्या क्लाउडमधून स्वतःच्या यंत्रणेवर हलवला, आणि अलीकडे थर्टीसेव्हन-सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीनेही क्लाउड सोडला. त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारे स्वतःचे अभियंते आहेत आणि त्यांचा वापर स्थिर व मोठा आहे. एका संगणक-तंत्रज्ञावर चालणाऱ्या कारखान्याने त्यांचे गणित जसेच्या तसे उचलू नये. दुसऱ्या बाजूला स्वतःचा सर्व्हर म्हणजे एकदाच पैसे, हेही आता खरे राहिलेले नाही. एकाच सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवण्याचे सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतल्यावर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणी सुरू केली, तेव्हापासून अनेक जण प्रॉक्समॉक्स आणि हायपर-व्ही या त्याच कामाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळत आहेत. क्लाउडचे दरपत्रक घेताना साठवणुकीच्या दरासोबत डेटा बाहेर काढण्याचा दर आणि परत मिळण्याचा वेळ लेखी घ्यावा. ॲमेझॉनच्या सर्वांत स्वस्त ‘डीप आर्काइव्ह’ प्रकारातून फाइल परत मिळायला नेहमीच्या पद्धतीने १२ तासांपर्यंत, तर स्वस्त पद्धतीने ४८ तासांपर्यंत लागू शकतात, आणि १८० दिवसांच्या आत ती काढून टाकली तरी तेवढ्या दिवसांचे भाडे पडतेच.

बॅकअपचा सर्वमान्य नियम असा : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्याकडे या ‘दुसऱ्या ठिकाणा’चा विचार नदी पाहून करावा लागतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतील दुकाने आणि कार्यालये बुडाली आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. कारखान्याची प्रत शाहूपुरीतील कार्यालयात, किंवा शहरातील कार्यालयाची प्रत सांगलीच्या शाखेत ठेवणारे अनेक जण आहेत. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि दोन्ही नद्या एकाच पावसात फुगतात, त्यामुळे सांगलीतील प्रत वेगळ्या ठिकाणी आहे असे मी मानत नाही. ती पुण्यात, मुंबईत किंवा क्लाउडवरच हवी. सर्व्हरही तळमजल्यावरून वर हलवावा, आणि त्याचा यूपीएस, बॅटऱ्या व नेटवर्कचा स्विच खाली राहणार नाहीत याची खात्री करावी.

पुराइतकाच धोका खंडणीखोर विषाणूचा आहे. जुलै २०२४ मध्ये बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या एका कंपनीवर असा हल्ला झाला, तेव्हा सहकारी बँकांसह सुमारे ३०० लहान बँकांचे पेमेंट व्यवहार थांबवावे लागले. सर्व्हरला कायम जोडलेली डिस्क अशा हल्ल्यात मूळ डेटासोबतच कुलूपबंद होते. रेडमधील (एकच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिण्याच्या रचनेतील) जोड-डिस्कही वाचवत नाही, कारण चुकून पुसलेली फाइल तिच्यावरूनही त्याच क्षणी पुसली जाते. एक प्रत ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही, अगदी प्रशासकालाही, बदलता येणार नाही अशा ‘ऑब्जेक्ट लॉक’ प्रकारात ठेवावी. क्लाउड कंपनीवर सर्वस्वी विसंबणेही बरोबर नाही : मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गुगल क्लाउडवरील यंत्रणा सेवेच्या मांडणीतील चुकीमुळे पुसली गेली, आणि ती पुन्हा उभी करताना दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेला बॅकअप उपयोगी पडला.

शेवटी, बॅकअप झाल्याचा हिरवा संदेश पुरेसा मानू नये. दरवर्षी मे महिन्यात, पावसाळ्याआधी, एका वेगळ्या संगणकावर हिशेबाचा संपूर्ण डेटा क्लाउडवरून उतरवून घ्यावा, एक इन्व्हॉइस उघडून मूळ प्रतीशी ताडून पाहावे आणि लागलेले तास सुरुवातीच्या कागदावरील तासांशेजारी लिहावेत. अंतर मोठे असेल तर जोडणी, साठवणुकीचा प्रकार किंवा चालत्या प्रतीची जागा बदलावी. हे काम नेहमीच्या तंत्रज्ञाऐवजी दुसऱ्या कर्मचाऱ्याकडून करून घ्यावे, आणि खात्याचे नाव, पासवर्ड व दुहेरी पडताळणीचे राखीव कोड सीलबंद पाकिटात कारखान्याबाहेर राहणाऱ्या भागीदाराकडे द्यावेत.